प्रस्तावना : ‘लिव्हर खराब करते म्हणे’

‘ही गोळी लिव्हर खराब करते म्हणे.’ कोलेस्टेरॉलच्या औषधांबद्दल आपल्याकडे सर्वांत जास्त वेळा बोलले जाणारे वाक्य बहुधा हेच, आणि त्यातला सर्वांत वजनदार शब्द ‘म्हणे’ हा आहे. धरमपेठेत हे वाक्य सकाळी अंबाझरीला फिरायला जाणाऱ्यांत ऐकू येते, गोकुळपेठच्या बाजारात भाजी निवडताना ऐकू येते, आणि वेस्ट हायकोर्ट रोडवर लिपिड प्रोफाइलचा कागद घडी करून खिशात टाकणाऱ्याच्या तोंडीही असते. कोण म्हणते, कशावरून म्हणते, हे सहसा कुणी विचारत नाही. परिणाम मात्र पक्का असतो. रोजची गोळी दिवसाआड होते, मग आठवड्यातून दोनदा, आणि शेवटी अर्धी संपलेली स्ट्रिप फ्रिजवरच्या डब्यात पडून राहते. पुढची प्रकरणे त्या ‘म्हणे’ची चौकशी करतात. या प्रस्तावनेत मला एकच मुद्दा मांडायचा आहे. यकृत ही या औषधांची कामाची जागा आहे. ज्या जागी काम चालते तिथे कामाच्या खुणा दिसणारच. त्या खुणांना इजेच्या खुणा समजणे ही आपली मूळ चूक. इजा कधीच होत नाही असे मी म्हणत नाही. ती होते, पण फार क्वचित. आणि कुणाला, केव्हा, कशी होते याचा बराच तपशील आता हाताशी आहे. अफवेला उत्तर म्हणून उलटी अफवा नको, तपशील हवा.

आधी शब्दाचा घोळ काढू. ‘त्यांना कोलेस्टेरॉल आहे’ असे आपण म्हणतो, जणू ते एखाद्या रोगाचे नाव आहे. कोलेस्टेरॉल सगळ्यांनाच आहे. शरीरातल्या प्रत्येक पेशीचे आवरण त्यावर उभे असते. पित्तातली आम्ले, स्त्री-पुरुषांची संप्रेरके आणि ‘ड’ जीवनसत्त्व यांचा कच्चा मालही तोच. म्हणून शरीर ते बाहेरून येण्याची वाट पाहत बसत नाही, स्वतः बनवते. या कामात यकृताचा वाटा मोठा असतो. साध्या ॲसिटेटच्या दोन कार्बनी तुकड्यापासून सुरू होऊन तीसेक पायऱ्यांनी कोलेस्टेरॉलचा रेणू तयार होतो. या पायऱ्या उलगडल्याबद्दल कॉनरॅड ब्लॉख आणि फेओडोर लिनेन यांना १९६४चे नोबेल पारितोषिक मिळाले. या लांबलचक साखळीत सुरुवातीलाच एक अरुंद जागा आहे. तिथे एचएमजी-सीओए रिडक्टेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, काम करते आणि मेव्हॅलोनेट नावाचा पदार्थ बनवते. पुढचे सगळे उत्पादन किती होणार हे या एका ठिकाणी ठरते. स्टॅटिन गटातली औषधे या एन्झाइमच्या खाचेत जाऊन बसतात आणि खऱ्या कच्च्या मालाला तिथे बसू देत नाहीत. गोळी एवढेच करते. बाकी जे घडते ते यकृताची पेशी स्वतः घडवते, आणि या विषयातली खरी गंमत तिथेच आहे.

हे औषध कुठल्या कारखान्यातल्या भट्टीत सुचलेले नाही. टोकियोच्या सांक्यो कंपनीतले शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७१पासून सुमारे सहा हजार बुरश्या आणि सूक्ष्मजीव एकेक करून तपासले. एक बुरशी दुसऱ्या सूक्ष्मजीवाला मारण्यासाठी त्याचे कोलेस्टेरॉलसदृश उत्पादन बंद पाडत असेल, असा त्यांचा कयास होता. १९७३ साली क्योटोतल्या धान्याच्या दुकानातून आलेल्या तांदळावरच्या निळसर-हिरव्या पेनिसिलियम बुरशीत त्यांना कॉम्पॅक्टिन सापडले. पण उंदरांना ते देऊन पाहिले तर रक्तातले कोलेस्टेरॉल हलेना. उंदराच्या यकृताने अडवलेल्या एन्झाइमचे उत्पादनच कैकपटींनी वाढवून औषधावर मात केली होती. अंडी देणाऱ्या कोंबड्यांत मात्र १९७६ साली कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्यावर आले. पुढच्याच वर्षी पहिला संशय उभा राहिला, आणि तोही यकृतावरूनच. पाच आठवडे रोज किलोमागे पाचशे मिलिग्रॅमहून जास्त मात्रा दिलेल्या उंदरांच्या यकृतपेशींत सूक्ष्म स्फटिक दिसले आणि काम जवळपास गुंडाळायची वेळ आली. साठ-सत्तर किलोच्या माणसाला किलोच्या हिशेबाने ही मात्रा रोज तीस-पस्तीस ग्रॅम होईल. आपली गोळी दहा, वीस किंवा चाळीस मिलिग्रॅमची असते. स्फटिकांचा प्रश्न मागे पडला. कॉम्पॅक्टिन वेगळ्या कारणांनी बाजारात आलेच नाही, पण ॲस्परजिलस बुरशीतून मिळालेल्या लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत १९८७ साली परवानगी मिळाली. मात्रा न पाहता परिणाम पाहण्याची खोड किती जुनी आहे, हे लक्षात राहावे म्हणून हा इतिहास इथे सांगितला.

आता पेशीच्या आत जाऊ. नागपूरच्या मे महिन्यात घरचा नळ आटला की काय होते? घर तहानलेले बसून राहत नाही. दाराशी टँकर येतो, प्रत्येक घरातून बादल्या बाहेर पडतात, आणि नळ बंद असल्यामुळेच टँकर झपाट्याने रिकामा होतो. यकृताची पेशी अगदी असेच वागते. तिच्या आतल्या एका पडद्यात कोलेस्टेरॉलवर पहारा ठेवणारी यंत्रणा असते. कोलेस्टेरॉल पुरेसे आहे तोवर एसआरईबीपी-२ नावाचे प्रथिन तिथे बांधलेले असते. ते कमी पडले की हे प्रथिन सुटते, गॉल्जी यंत्रणेत जाऊन दोन ठिकाणी कापले जाते, आणि मोकळा झालेला तुकडा केंद्रकात शिरून एलडीएल रिसेप्टरचे जनुक चालू करतो. हे रिसेप्टर म्हणजे पेशीच्या बादल्या. एक रिसेप्टर रक्तातला एलडीएलचा, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहणारा, कण पकडून आत नेतो, तिथे सोडतो आणि पुन्हा पृष्ठभागावर येतो. अशी एक फेरी साधारण दहा मिनिटांची असते. टेक्सासमधल्या डॅलस इथे मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी हा रिसेप्टर शोधला आणि त्यांना १९८५ साली नोबेल मिळाले. ज्या मुलांत जन्मतःच हे रिसेप्टर नसतात त्यांना कोवळ्या वयात हृदयविकाराचा झटका येतो, या निरीक्षणातून त्यांचे काम सुरू झाले होते. रक्तातले कोलेस्टेरॉल कमी होते ते गोळीने ते विरघळवले म्हणून नव्हे. तहानलेली यकृतपेशी ते ओढून घेते, म्हणून. ‘गोळीने यकृतावर ताण येतो’ या म्हणण्यात एवढे तथ्य जरूर आहे की, औषध यकृताला मुद्दाम टंचाईत ठेवते. पण टंचाई म्हणजे इजा नव्हे. पेशीकडे या टंचाईवर तयार उत्तर आहे, आणि ते उत्तर हाच उपचार आहे.

हे उत्तर किती सजग असते, ते औषधाच्या मर्यादेवरूनही कळते. एसआरईबीपी-२ बादल्यांबरोबर आणखी दोन गोष्टी वाढवते. एक म्हणजे अडवलेले रिडक्टेज एन्झाइमच, म्हणजे पेशी आपली आटलेली विहीर आणखी खोल खणू लागते. दुसरी म्हणजे पीसीएसके-९ नावाचे प्रथिन, जे रिसेप्टरला चिकटून त्याला पृष्ठभागावर परतू देत नाही. बादल्या वाढल्या की बादल्या फोडणाराही येतो. म्हणून स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली तरी एलडीएल आणखी फक्त सहा टक्क्यांच्या आसपास उतरते, असा डॉक्टरांचा ठोकताळा आहे. मात्रा वाढवत नेण्यापेक्षा दुसरे औषध जोडण्यामागचे तर्कशास्त्र इथून येते. एझेटिमाइब आतड्याच्या भिंतीत कोलेस्टेरॉलचे शोषण अडवते. मग यकृताकडे कमी माल पोचतो आणि पेशी पुन्हा बादल्या बाहेर काढते. बेम्पेडोइक ॲसिड त्याच साखळीत दोन पायऱ्या अलीकडे घाव घालते, पण ज्या एन्झाइममुळे ते कार्यक्षम होते ते यकृतात असते आणि हाडाला जोडलेल्या स्नायूंत नसते. म्हणून ते स्नायूंना सहसा त्रास देत नाही. पीसीएसके-९ला थेट रोखणारी इंजेक्शने तर बादल्या फोडणाऱ्यालाच अडवतात. वाट कुठलीही असो, शेवट यकृतपेशीच्या दाराशीच होतो. या सगळ्या औषधांचा यकृताशी संबंध आहे का, हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. त्यांचा दुसऱ्या कशाशी एवढा संबंध नाही.

पहिला गंभीर आक्षेप प्रयोगशाळेतून येतो. माणसाच्या यकृतपेशी काचेच्या ताटलीत वाढवून त्यांवर स्टॅटिन टाकले तर त्या मरतात, असे निष्कर्ष छापून आलेले आहेत आणि ते खोटे नाहीत. चरबीत विरघळणारी सिम्व्हास्टॅटिनसारखी औषधे अशा प्रयोगात अधिक मारक ठरतात, पाण्यात विरघळणारे प्रॅव्हास्टॅटिन कमी. ताटलीत मेव्हॅलोनेट परत घातले तर पेशी बऱ्याच अंशी वाचतात, म्हणजे त्या विषाने मरत नाहीत, उपासमारीने मरतात. मेव्हॅलोनेटपासून केवळ कोलेस्टेरॉलच बनत नाही. पेशीतली कैक प्रथिने जागेवर रोवून ठेवणारे रेणू आणि कोएन्झाइम क्यू-१० यांनाही तेच लागते. इथवर आक्षेप बरोबर आहे. पण दोन गोष्टी बघायला हव्यात. अशा प्रयोगात औषधाची तीव्रता दहा ते शंभर मायक्रोमोलर असते, तर गोळी घेणाऱ्याच्या रक्तात ती नॅनोमोलरमध्ये मोजावी लागते, म्हणजे शेकडो ते हजारो पट कमी. यकृतात ती रक्तापेक्षा जास्त असते हे खरे; ॲटोरव्हास्टॅटिनचा जेमतेम १४ टक्के भाग पूर्ण शरीराला मिळतो, बाकीचा बराचसा यकृत पहिल्याच फेरीत अडवते. तरीही ताटलीतली मात्रा आणि पोटातली गोळी यांत तुलना बसत नाही. दुसरे, अशा कामाला सर्रास वापरल्या जाणाऱ्या हेप-जी-२ या पेशी १९७०च्या दशकात एका मुलाच्या यकृतातल्या गाठीतून घेतलेल्या कर्कपेशींच्या वंशातल्या आहेत. औषध आत घेणारी दारे आणि ते पचवणारी एन्झाइमे त्यांच्यात फार तोकडी असतात. ताटलीतला प्रयोग यंत्रणा समजून घ्यायला उत्तम. जोखीम मोजायला तो अपुरा. जोखीम मोजायची तर माणसांकडेच जावे लागते.

माणसांकडे गेले की पहिल्यांदा हाती येतो तो कागद. वर ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’, खाली एसजीपीटीसमोर समजा ६२, शेजारी ‘४० पर्यंत’, आणि ६२ हा आकडा ठळक छापून त्याच्या बाजूला एक तारा. तो तारा संगणकाने मारलेला असतो. त्यामागे कुणा डॉक्टरचे मत नसते. शिवाय चाचणीच्या नावात फंक्शन असले तरी एसजीपीटी यकृताचे कार्य मोजतच नाही. ते यकृतपेशीच्या आतले एन्झाइम आहे. आवरणातून थोडे झिरपले की रक्तात दिसते. कार्य कळते ते बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठायला लागणारा वेळ यांवरून. स्टॅटिनने आवरणातले कोलेस्टेरॉल थोडे बदलते आणि त्यामुळे हे झिरपणे किंचित वाढते, असा एक मान्य अंदाज आहे. कमाल मर्यादेच्या तिप्पट, म्हणजे १२०च्या वर, आकडा जाण्याचे प्रमाण नेहमीच्या मात्रेत शेकडा एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, आणि पुष्कळदा गोळी चालू असतानाच तो खाली येतो. ब्रिटनमधल्या हार्ट प्रोटेक्शन स्टडीत २०,५३६ जणांपैकी निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅम आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली होती. एसजीपीटी मर्यादेच्या चौपट ओलांडणारे औषधाच्या गटात ०.४२ टक्के निघाले, पोकळ गोळीच्या गटात ०.३१ टक्के. पोकळ गोळी घेणाऱ्यांचाही आकडा चढतो, हे या तुलनेतले सर्वांत बोलके टोक आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ साली स्टॅटिन घेणाऱ्यांनी ठरावीक काळाने यकृताची तपासणी करत राहावी ही शिफारस काढून टाकली. सुरू करण्याआधी एकदा आणि पुढे लक्षणे दिसली तर, एवढेच ठेवले. विदर्भात तर हा कागद वाचताना आणखी सावध राहावे लागते. सिकलसेलच्या रुग्णात तांबड्या पेशी फुटल्यामुळे बिलिरुबिन आणि एसजीओटी हे एसजीपीटीच्या जोडीचे एन्झाइम वाढलेले असू शकते, आदल्या दिवशी जिममध्ये जोर लावलेल्याचेही एसजीओटी चढते, कारण ते स्नायूंतही असते. दोष त्या वेळी यकृताचाही नसतो आणि गोळीचाही.

मग खरी इजा होतच नाही का? होते. अमेरिकेत औषधांमुळे झालेल्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या जाळ्यात २००४ ते २०१२ या काळातल्या ११८८ प्रकरणांपैकी २२ स्टॅटिनमुळे घडलेली होती. काहींत औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत, काहींत कित्येक वर्षांनी. काहींत शरीराच्या प्रतिकारशक्तीने आपल्याच यकृतावर हल्ला चढवल्यासारखे चित्र होते. अशी गंभीर इजा लाखात एकाच्या घरातली मानली जाते. ज्याला ती झाली त्याला ‘लाखात एक’ या शब्दाने दिलासा मिळत नाही, हे मान्य; म्हणूनच डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, अन्नावरची वासना उडणे, अंगाला खाज सुटणे ही लक्षणे गोळी घेणाऱ्या प्रत्येकाला पाठ असावीत. ती दिसली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे, पुढच्या तपासणीची वाट पाहू नये. आणखी एक गट निश्चित धोक्याचा आहे. सिऱ्हॉसिस बळावून पोटात पाणी झाले आहे किंवा शुद्ध हरपू लागली आहे अशा रुग्णांत युरोपातल्या एका चाचणीत सिम्व्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅमने काहींचे स्नायू विरघळू लागले, आणि ती मात्रा तिथे निषिद्ध ठरली. कारण पुन्हा तेच: यकृत निकामी झाले की औषध पचवणारी जागाच उरत नाही आणि ते रक्तात साचते. हा अपवाद माझ्या मुद्द्याला छेद देत नाही. कामाची जागा मोडल्यावर काम सोपवू नये, एवढेच तो सांगतो.

सर्वांत मोठा गोंधळ फॅटी लिव्हरवरून होतो. सोनोग्राफीच्या कागदावर ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ ही ओळ आता इतकी सर्रास येते की तिचे कुणाला नवल वाटत नाही. भारतातल्या अभ्यासांचा २०२२ साली झालेला एकत्रित आढावा प्रौढांमधले प्रमाण ३८.६ टक्के सांगतो. केंद्र सरकारने २०२१ साली हा विकार मधुमेह, कर्करोग, हृदयविकार यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. अशा माणसाचे एसजीपीटी अनेकदा गोळीच्या आधीपासूनच चढलेले असते. गोळी सुरू झाल्यावर तपासणी होते, तारा दिसतो, आणि आळ गोळीवर येतो. त्याहून वाईट म्हणजे ‘आधीच लिव्हर नाजूक आहे, त्यात ही गोळी कशाला’ असा आपुलकीचा सल्ला मिळतो. पुरावा नेमका उलटा आहे. ग्रीसमधल्या ग्रीस या नावाच्याच अभ्यासात ४३७ जणांच्या यकृताच्या चाचण्या सुरुवातीलाच बिघडलेल्या होत्या. त्यांतल्या २२७ जणांना स्टॅटिन मिळाले, २१० जणांना नाही. पुढे हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे गंभीर प्रसंग पहिल्या गटात १० टक्क्यांना आले, दुसऱ्यात ३० टक्क्यांना. आणि पहिल्या गटातल्या यकृताच्या चाचण्या सुधारल्या. हा मूळ अभ्यासातून नंतर काढलेला निष्कर्ष आहे, म्हणून त्यावर सगळा भार टाकता येत नाही. पण आधीच एन्झाइम वाढलेल्यांना स्टॅटिनने जास्त इजा होते असे दाखवणारा पुरावा याच्याविरुद्ध उभा राहिलेला नाही. फॅटी लिव्हर असलेला माणूस यकृतापेक्षा हृदयाच्या विकाराने दगावण्याची शक्यता जास्त असते. ज्याला गोळीची गरज सर्वांत जास्त, त्यालाच आपण काळजीपोटी ती नाकारतो.

‘मग काहीतरी नैसर्गिक घ्यावे’ हा पुढचा आक्षेप. त्याला उत्तर देताना आपल्याच देशातला एक प्रामाणिक प्रयत्न आठवावा. बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ साली गुग्गुळावरचा प्रबंध सादर केला. सुश्रुताच्या काळापासूनच्या वर्णनांवरून त्यांनी कोलेस्टेरॉलशी त्याचा संबंध जोडला होता. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यातून गुग्गुलिपिड विकसित केले आणि ते १९८०च्या दशकात बाजारात आले. २००२ साली तर गुग्गुळातले द्रव्य यकृतपेशीतल्या पित्ताम्लांच्या एका रिसेप्टरला रोखते असेही उलगडले. यंत्रणा सापडली, आशा वाढली. पण २००३ साली अमेरिकेत १०३ जणांवर झालेल्या आठ आठवड्यांच्या चाचणीत एलडीएल उतरण्याऐवजी थोडे चढले. परंपरेतून आलेली कल्पना तपासायला घेतली आणि तपासाचा निकाल स्वीकारला, हा विज्ञानाचा सन्मान आहे, परंपरेचा अपमान नाही. गुळवेलीचे उदाहरण अधिक ताजे. कोविडच्या काळात काढा म्हणून ती घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला, पण त्यानंतर देशातल्या अनेक केंद्रांतून अशीच प्रकरणे पुढे आली. औषधांमुळे झालेल्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या भारतीय जाळ्यात २०१३ ते २०१८ या काळात १२८८ रुग्ण आले. त्यांतले ४६.४ टक्के क्षयरोगाच्या औषधांमुळे, १३.९ टक्के पर्यायी आणि वनौषधींमुळे. आपली भीती यादीत वरच्या ओळींवर असायला हवी होती. ती भलतीकडेच आहे. आणि लाल बुरशीच्या तांदळातून ‘नैसर्गिक’ म्हणून विकला जाणारा मोनाकोलिन-के हा रेणू म्हणजे लोव्हास्टॅटिनच, फक्त मात्रा अनिश्चित. फळांचे विचाराल तर सिम्व्हास्टॅटिन आणि ॲटोरव्हास्टॅटिन पचवणारे एन्झाइम रोखणारी द्रव्ये ग्रेपफ्रूटमध्ये आणि आपल्या पपनसातही असतात. नागपुरी संत्रे वेगळ्या जातीचे. त्याच्यावर हा आळ घेऊ नये.

उरले दोन आक्षेप, आणि दोन्ही वजनाचे आहेत. एक, यकृत राहू द्या, स्नायू दुखतात आणि साखर वाढते त्याचे काय? साखरेचे खरे आहे. स्टॅटिनने मधुमेहाची शक्यता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते, जास्त मात्रेत त्याहून अधिक. ज्याची साखर आधीच उंबरठ्यावर आहे त्याच्यात ती पलीकडे ढकलली जाते. तरी अशा माणसातही हृदयाला होणारा लाभ मोठा राहतो. स्नायूंची गोष्ट तर पुन्हा यकृताकडेच वळते. २००८ साली सिम्व्हास्टॅटिन ८० मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या जनुकांचा अभ्यास झाला, तेव्हा स्नायूंची गंभीर इजा झालेल्यांत यकृतपेशीच्या एका दाराचे जनुक वेगळे निघाले. हे दार अरुंद असले की औषध यकृतात शिरत नाही, रक्तात राहते आणि स्नायूंना भिडते. साध्या अंगदुखीबद्दल सांगायचे तर, पोकळ गोळ्यांशी तुलना केलेल्या चाचण्यांत स्नायूदुखीच्या दहापैकी नऊ तक्रारी औषधामुळे नव्हत्या, असे २०२२ सालच्या मोठ्या आढाव्यात दिसले. दुखणे खरे असते. कारण वेगळे असते. दुसरा आक्षेप कंपन्यांच्या हिताचा. अनेक मोठ्या चाचण्यांना कंपन्यांनी पैसा दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ॲटोरव्हास्टॅटिनचे पेटंट २०११ साली संपले, ते आपल्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि जन औषधी केंद्रात स्वस्तात मिळते. शिवाय असाही पुरावा आहे ज्याला कुठल्याच कंपनीने हात लावलेला नाही. पीसीएसके-९चे जनुक जन्मतःच निकामी असलेल्या माणसांत एलडीएल आयुष्यभर कमी राहते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा कृष्णवर्णी अमेरिकनांत ते २८ टक्क्यांनी कमी होते आणि हृदयधमनीचा विकार ८८ टक्क्यांनी. या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असलेल्या एका तरुण स्त्रीचे एलडीएल अवघे १४ होते आणि ती ठणठणीत होती. तिच्या यकृतपेशी जन्मापासून भरमसाट बादल्या घेऊन दारात उभ्या होत्या, आणि त्यांनी काही गमावलेले नव्हते.

या प्रस्तावनेवरून कुणी गोळी स्वतःहून सुरू करावी, असा अर्थ कृपया काढू नये. कुणाला ती हवी हे वय, मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, घरातला इतिहास आणि एलडीएलचा आकडा यांवर ठरते. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत कमी जोखमीच्या माणसासाठी एलडीएल १००च्या खाली आणि अतिजोखमीच्या माणसासाठी ५५च्या खाली असे वेगवेगळे लक्ष्य आहे. गर्भारपणात आणि यकृताचा आजार ऐन भरात असताना हिशेब वेगळा. आहार आणि चालणे यांची जागा गोळी घेत नाही; फॅटी लिव्हरवर तर वजन उतरवण्याइतका दुसरा चांगला उपाय नाही, आणि त्यापुढे तर्री-पोह्यांवरची तर्री किती, हा प्रश्न गोळीपेक्षा आधीचा. माझी अपेक्षा मर्यादित आहे. एलडीएल साधारण ३९ने उतरले की हृदयाचे आणि मेंदूचे मोठे झटके सुमारे एक पंचमांशाने कमी होतात, हा लाखाहून अधिक लोकांच्या चाचण्या एकत्र करून काढलेला आकडा एका पारड्यात आहे. दुसऱ्या पारड्यात लाखात एकाची इजा आहे, आणि बहुतेकांच्या बाबतीत एक छापील तारा. म्हणून ‘म्हणे’ कानावर आले की तीन गोष्टी विचाराव्यात: आकडा मर्यादेच्या किती पट आहे, गोळीच्या आधी तो किती होता, आणि बिलिरुबिन काय म्हणते. ज्या घरात या तीन प्रश्नांची उत्तरे एकाच फाइलमध्ये लावून ठेवलेली असतील, त्या घरातली गोळी चालू राहिली काय किंवा डॉक्टरने बंद केली काय, निर्णय तरी कागद वाचून झालेला असेल. पुढची प्रकरणे ती फाइल लावायला शिकवतात. फ्रिजवरच्या डब्यातली अर्धी स्ट्रिप टाकून द्यायची की पुन्हा सुरू करायची, हे ती वाचून झाल्यावर डॉक्टरांसमोर बसून ठरवावे.

धरमपेठ, नागपूर